सीमेपलीकडची अंगाई : पांढुर्णा-सौंसर परिसरातील मराठी बालगीतांची परंपरा

मध्य प्रदेशात सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतात. येथील राज्यकारभाराची भाषा हिंदी असली, तरी असंख्य घरांत तान्ह्या मुलाच्या कानावर पडणारे पहिले गाणे मराठी असते. राज्याची सीमा बदलल्यानंतरही ही गाणी का टिकली, याचे उत्तर शाळा आणि ग्रंथ यांच्या इतिहासात थोडेच मिळते; ते मुख्यतः स्त्रियांच्या नातेसंबंधांत आणि सणांच्या क्रमात शोधावे लागते.

छिंदवाड्याचे पठार उतरून खाली आले की जाम आणि कन्हान या नद्यांप्रमाणे येथील रस्ते आणि बाजार यांचाही ओढा दक्षिणेकडे, म्हणजे नागपूरकडे वळतो. हा संबंध जुना आहे. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद हा गोंड राजा मूळचा याच भागातील देवगडचा होता आणि पुढे अठराव्या शतकात देवगडचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली गेले. १८५३ मध्ये तिसऱ्या रघुजींच्या निधनानंतर ब्रिटिशांनी ते राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि नागपूर त्याची राजधानी असल्यामुळे मराठी मुलूख व हिंदी मुलूख एकाच प्रांतात राहिले. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीला जवळ असलेल्या ज्या बोलीची 'नागपुरी' या नावाने नोंद आहे, तिच्याच पट्ट्यात ही गावे येतात.

या बोलीतील बालगीतांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला अंगाईचा, म्हणजे मूल निजवण्यासाठी संथ लयीत म्हटल्या जाणाऱ्या गीतांचा. बारशाला गायला जाणारा पाळणा हे त्याचेच समारंभी रूप होय. दुसरा बडबडगीतांचा, ज्यांत अर्थापेक्षा नाद आणि यमक यांना महत्त्व असते. मुलाची बोटे एकेक करून मोजणे, त्याला पायांवर घेऊन झुलवणे, घास भरवताना चंद्राला हाक मारणे अशा कृतींशी ही गीते इतकी बांधलेली असतात, की कृतीवाचून ती आठवतही नाहीत. आजीच्या मांडीवर मुलाला शरीराच्या अवयवांची, नात्यांची आणि पशुपक्ष्यांची नावे प्रथम कळतात ती याच मार्गाने, आणि अक्षरओळखीपूर्वी भाषेची लय अंगी मुरते तीही येथेच.

तिसरा प्रकार सणांच्या गाण्यांचा, आणि सामुदायिक असल्यामुळे परंपरेच्या दृष्टीने तो सर्वांत बळकट ठरतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यातील गोटमार, म्हणजे परस्परांवरील दगडफेक, होते हे सर्वश्रुत आहे. मात्र विदर्भाच्या संस्कृतीत तोच दिवस तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लाकडी बैल सजवून घरोघर फिरणाऱ्या मुलांचा असतो. मुलांना मिळणाऱ्या खाऊला किंवा पैशांना बोजारा म्हणतात, तर पोळ्यात मोठ्यांनी ठसक्यात म्हटलेल्या यमकबद्ध झडत्या ऐकत मुले लोकभाषेतील शब्दखेळ शिकतात. त्यानंतर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचा महिना चालतो. भुलाबाई आणि भुलोबा म्हणजे पार्वती आणि शंकर. त्यांच्या मातीच्या मूर्तींपुढे मुली टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखण्याचा खेळ करतात आणि एका घरून दुसऱ्या घरी जातात. सासर-माहेर, दागदागिने, भाज्या आणि पक्वान्ने यांची साखळी गुंफणाऱ्या या गाण्यांत लहान मुली मोठ्या मुलींच्या मागे म्हणत म्हणत तयार होतात.

ही परंपरा शाळेवर अवलंबून नव्हती, हे १९५६ नंतर स्पष्ट झाले. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे मराठीभाषक जिल्हे मुंबई राज्यात गेले, परंतु जिल्हा हाच विभागणीचा घटक असल्यामुळे छिंदवाडा जिल्ह्यासोबत त्याचा दक्षिणेकडील मराठी भागही मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. तथापि पुढील शिक्षण आणि नोकरी यांची वाट हिंदीतून जात असल्यामुळे कुटुंबांचा कल त्या भाषेकडे झुकणे स्वाभाविक होते. गाण्यांची साखळी मात्र तुटली नाही, कारण नरखेड, काटोल, सावनेर, वरुड या सीमेलगतच्या तालुक्यांशी असलेले सोयरसंबंध चालू राहिले; तिकडून आलेली सून माहेरची गाणी घेऊन आली आणि इकडची लेक आपली गाणी घेऊन तिकडे गेली.

माणसे जागीच राहिली आणि सीमा सरकली, असा अनुभव स्पॅनिश भाषेच्या इतिहासातही आढळतो. १५९८ पासून न्यू मेक्सिकोत वसत गेलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांचा प्रदेश १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेला, आणि कारभाराची भाषा इंग्रजी झाली. तरीही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऑरेलिओ एस्पिनोसा यांनी तेथील लोकवाङ्मय संकलित केले, तेव्हा स्पेनमधील गीतांशी नाते सांगणारी मुलांची गाणी त्यांना घराघरांत मिळाली. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को रोद्रिगेस मारीन यांनी १८८२-८३ च्या आपल्या लोकगीतसंग्रहात अंगाईंना आणि मुलांच्या गाण्यांना आरंभीच स्थान दिले होते, तर १९२८ मध्ये कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी माद्रिदमधील व्याख्यानात अंगाई धनिकांच्या घरी पोचवण्याचे श्रेय गरीब दाया आणि दासींना दिले. मराठीतही साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन'सारख्या संकलनांनी ओव्यांना ग्रंथरूप दिले.

दोन्ही भाषांतील या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. संकलनामुळे गीताचे शब्द सुरक्षित राहतात, पण गीत पुढच्या पिढीत जाते ते प्रसंगामुळे, म्हणजे मांडी, पाळणा, पोळा आणि भुलाबाई यांच्यामुळे. म्हणून पांढुर्णा-सौंसर येथील मराठीची काळजी वाहणाऱ्यांनी शाळेतील मराठीचा आग्रह धरावाच, परंतु त्याच निष्ठेने अंगणवाडीत बोटांचे खेळ आणि गल्लीत भुलाबाईचा फेरा चालू ठेवावा. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांनी सीमेच्या दोन्ही बाजूंना जे कार्य पिढ्यानुपिढ्या केले, त्याला भाषेच्या इतिहासात मानाचे स्थान मिळणे हा त्यांचा हक्क आहे.