गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग

गर्भाशयाच्या आतील अस्तरात उद्भवणारा हा कर्करोग बहुधा रजोनिवृत्तीनंतर होतो. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, मग तो थेंबभर का असेना, हे त्याचे मुख्य लक्षण. असा स्राव दर वेळी कर्करोगाचाच असतो असे नाही. परंतु तपासल्यावाचून ते कळत नाही. आमच्या माताभगिनी मात्र संकोचापोटी गप्प राहतात, याचे आम्हांस दुःख होते. लठ्ठपणा व मधुमेह यांमुळे धोका वाढतो. अपत्य न झालेल्या स्त्रियांनाही तो अधिक असतो. मठवासी धर्मभगिनींनी हे विशेष ध्यानी घ्यावे. पॅप तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी असते. तिच्यावर येथे विसंबू नये. अस्तराचा तुकडा काढून तपासल्यावरच निदान निश्चित होते.

उपचारात बहुधा गर्भाशय, बीजवाहिन्या व बीजांडकोश काढतात. हे धर्मसंमत आहे काय, अशी शंका काही भाविकांच्या मनात येते. पोप सहावे पौल यांच्या ‘ह्युमाने व्हिटे’ (१९६८) या परिपत्रकाने रोगनिवारणासाठी आवश्यक उपचारांस, त्यांमुळे अपत्यप्राप्ती थांबणार असली तरी, मुभा दिलेली आहे. शस्त्रक्रिया शक्यतो स्त्रियांच्या कर्करोगातील तज्ज्ञ शल्यचिकित्सकाकडूनच करून घ्यावी. मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात असे तज्ज्ञ आहेत. रोग गर्भाशयापुरताच असताना सापडला, तर बहुतेक रुग्ण बऱ्या होतात.