एक नाव, दोन किडे: नागअळीची उलटसुलट सफर

कर्जत तालुक्यातल्या एखाद्या लिंबाच्या बागेत जा आणि कोवळी पालवी उलटून बघा. पानावर चांदीसारखी चकाकणारी, वेडीवाकडी रेघ दिसेल. शेजारच्या वावरात चवळी किंवा टोमॅटो असेल, तर तिथल्या पानांवरही पांढरट नागमोडी रेघ सापडेल. शेतकरी दोन्हींना एकच नाव देतात : नागअळी. पण एका रेघेत पतंगाची अळी असते आणि दुसरीत माशीची. दोघांच्या प्रवासाचा इतिहास तर अगदी उलट दिशांचा.

लिंबावरची नागअळी आपल्याकडची. इंग्रज कीटकतज्ज्ञ हेन्री स्टेन्टन याने 1856 मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. पुढे ती जगातल्या लिंबूवर्गीय बागांमध्ये पसरली आणि 1993 मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडाच्या बागांत पोचली.

भाजीवरची नागअळी नेमकी तिकडची. लिरिओमायझा ट्रायफोली ही जेमतेम दोन मिलिमीटरची काळी-पिवळी माशी. 1880 मध्ये अमेरिकेत तिचं नामकरण झालं, तेही आपल्या मेथीच्या गोतावळ्यातल्या क्लोव्हर या चाऱ्यावरून. फ्लोरिडातल्या शेवंतीच्या कलमांमध्ये लपून 1970 च्या दशकात ती केनियाला गेली आणि तिथून युरोपात. कलम हिरवंगार, निरोगी दिसतं, कारण अंडी पानाच्या आत असतात. 1990-91 च्या सुमारास ती हैदराबाद परिसरात एरंडीवर दिसली. मग टोमॅटो, चवळी, काकडी, कपाशी असं करत देशभर पसरली. म्हणजे ही माशी भारतात आली आणि दोन-तीन वर्षांतच आपला पतंग फ्लोरिडात उतरला!

दोघांतला फरक ओळखायला फोनचा कॅमेरा पुरतो. लिंबाच्या पानावरच्या रेघेत मधोमध विष्ठेची काळी ओळ असते. अळी पानातच राहते, पानाची कड दुमडून तिथेच कोष करते. माशीची अळी मात्र पोट भरलं की पान फोडून बाहेर पडते आणि बहुतेकदा मातीत कोष करते. शिवाय तिच्या पिकावर पांढरे ठिपके दिसतात. मादी पानाला भोकं पाडून रस पिते, काहींत अंडं घालते. नराला भोक पाडता येत नाही, तो मादीने पाडलेल्या भोकांवरच भागवतो. माशीची नेमकी जात ठरवायची असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली नराचं जननेंद्रिय तपासावं लागतं.

त्यात 2014 मध्ये महाराष्ट्रात टोमॅटोवर तिसरा पाहुणा आला : टुटा ॲबसोल्युटा. हाही पतंगच, पण याची अळी रेघ न काढता पानावर मोठा चट्टा पाडते आणि फळातही शिरते. त्याला नागअळी समजून बसलं, तर फळ हातचं जातं.

चुकीची ओळख महागात पडते. लिंबाच्या पानाला नागअळीने केलेल्या जखमांतून खैऱ्याचे जिवाणू शिरतात. 1995 मध्ये मायामीजवळ खैऱ्या पुन्हा सापडला. लाखो झाडं तोडूनही तो हटला नाही आणि 2006 मध्ये निर्मूलनाची मोहीम सोडून द्यावी लागली. माशीचं दुखणं वेगळं. फवारणी वाढली की तिच्या अळीवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या आधी मरतात आणि माशी औषधाला सरावते. फ्लोरिडात एकेक औषध दोन-तीन वर्षांत निकामी होत गेलं. उलट, तिथे पतंगावर 1994 पासून एक परजीवी गांधीलमाशी सोडली गेली आणि ती टिकली.

म्हणून पंप पाठीवर घेण्याआधी पान उन्हाकडे धरा. रेघेच्या टोकाशी अळी वळवळते का ते बघा. रेघ राहते, पण किडा कधीच निघून गेलेला असतो. अशा वेळी आपण औषध मारतो ते फक्त त्याच्या पाऊलखुणांवर.