पंचायतीच्या कॉम्प्युटरला वायफाय लागत नाही? आधी हे बघा

जव्हार/मोखाडा : गावात कॉम्प्युटर एकच, आणि सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म अशी सगळ्यांची कामं त्याच्यावरच. वायफाय गेलं की पाड्यावरून चालत आलेला माणूस रिकाम्या हाताने माघारी जातो, मजुरी बुडते ती वेगळीच. पण दरवेळी ‘रेंज नाही’ हे कारण खरं नसतं.

मोबाईलचा डेटा बंद करा, राऊटरजवळ उभं राहा आणि त्याच वायफायवर काहीतरी उघडून बघा. उघडलं नाही तर दोष बाहेरचा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली, पण केबल तुटली किंवा लाईट गेली की गाव बंदच. तिथे तक्रार करण्याशिवाय इलाज नाही. मोबाईलवर चालतं आणि कॉम्प्युटरवर नाही, तर दोष खोलीतलाच आहे.

बहुतेक जुन्या डेस्कटॉपला वायफाय नसतं, मागे बोटाएवढा डोंगल खोचलेला असतो. पुढे लोखंडी डबा, मागे भिंत, सिग्नल येणार कुठून? डोंगल यूएसबी एक्स्टेन्शन वायरवर लावून टेबलावर आणा. निळ्या पोर्टात लावू नका, त्याने २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला अडथळा येतो. राऊटर भिंतीपलीकडे असेल तर २.४ चंच नाव निवडा. ५ चं वेगवान, पण भिंत आली की लवकर दमतं.

खरं तर जागचा न हलणाऱ्या कॉम्प्युटरला वायफाय हवंच कशाला? राऊटरपासून लॅन केबल ओढा, १०० मीटरपर्यंत चालते.

केबल नसेल तर अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या यादीत ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करा. काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंग करतात, मग दुसरी लावून बघा. राऊटरचं वायफाय मोबाईलला मिळत असेल तर बऱ्याच फोनमध्ये तेच वायरीतून कॉम्प्युटरला जातं, आपला डेटा खर्च होत नाही. मोबाईलचाच डेटा वापरायचा असेल तर विंडोज १० किंवा ११ मध्ये त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ करा. नाहीतर एका दाखल्यापायी विंडोजचं अपडेटच दिवसाचा डेटा खाऊन टाकतं.

नेट चालू आहे, पण सरकारी साईट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही? आधी कोपऱ्यातली तारीख बघा. आतला सेल संपला की लाईट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि लोक नेटला शिव्या देतात. तारीख नीट करा, मग सेल बदला. बहुतेक वेळा तो नाण्यासारखा सीआर २०३२ असतो.

आणि काम झालं की लॉगआऊट करा, डाऊनलोडमधला आधारचा पीडीएफ काढा, रिसायकल बिनही रिकामी करा. तुमच्यामागे रांगेत अख्खं गाव आहे.