टँकर रिकामा करताना : पंपाच्या अलीकडचे शास्त्र

टँकरमधला द्रव पंप ओढून घेतो, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे, आणि टँकर रिकामा करतानाचे बरेच घोटाळे त्यातूनच होतात. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, एवढेच. द्रवाला त्याच्यापर्यंत ढकलते ती टँकरमधल्या द्रवावर रेटणारी हवा. सतराव्या शतकात तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने हा रेटा मोजता येतो हे दाखवले : ७६ सेंटिमीटर पारा, म्हणजे साधारण १०.३ मीटर पाणी. समुद्रसपाटीवर हवेकडून मिळणारे भांडवल एवढेच. पंप कितीही महागाचा आणा, त्यात भर पडत नाही.

म्हणून पहिली अट मॅनहोलची. झाकण घट्ट लावून पंप चालवला, तर आतली हवा विरळ होत जाते आणि बाहेरची हवा पत्र्यावर दाबू लागते. दाबात दहा टक्के फरक पडला, तरी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन भार येतो. पातळ पत्र्याची टाकी त्याने चेपते. दुधाच्या टँकरला हाच धोका धुतानाही असतो : गरम पाण्याने धुऊन झाकण लावले आणि लगेच थंड पाणी सोडले, की आतली वाफ निवते.

भांडवल खर्च होण्याच्या वाटा तीन : उंची, घर्षण आणि द्रवाची स्वतःची वाफ. उंचीचा हिशेब सोपा आहे. पंप टँकरच्या तोटीपेक्षा खाली बसवला, तर ती खर्चाऐवजी जमेला येते. खरी परीक्षा घर्षणाची, आणि ती पाहावी साखर कारखान्याच्या मळीत. मळी पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड आणि अतिशय दाट असते. थंडीच्या पहाटे ती जागची हलत नाही. अशा संथ प्रवाहात पाइपाच्या व्यासाचा परिणाम चतुर्घाताने होतो. दोन इंचीऐवजी तीन इंची पाइप लावला, तर तेवढ्याच दाबात सुमारे पाचपट मळी वाहते. तरीही पाइप तोच ठेवून जास्त हॉर्सपॉवरची मोटर मागवली जाते, याचे मला फार वाईट वाटते. पंपाच्या अलीकडे तुंबलेली मळी मोटरीच्या ताकदीने मोकळी होत नाही. मळीसाठी सेंट्रिफ्यूगल पंपही कामाचा नाही. तिथे संथ फिरणारा गिअर किंवा स्क्रू पंपच हवा.

पंपाच्या अलीकडच्या बाजूची गळती डोळ्यांना दिसत नाही. कपलिंगचा वायसर झिजला, तर द्रव बाहेर ठिबकण्याऐवजी हवाच आत शिरते. धार तुटक येते, दुधाला फेस येतो. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज आला, तर बहुधा दाब इतका उतरलेला असतो की द्रव आतच उकळतो आहे. अशा वेळी पंपाच्या अलीकडचा वॉल्व्ह आवळू नये. प्रवाह कमी करायचा तो पलीकडच्या वॉल्व्हनेच.

वाफेचा खर्च पेट्रोलला सर्वांत जड जातो. उन्हाळ्याच्या तापमानाला त्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या निम्म्यापर्यंत पोचतो. पेट्रोल पंपावर टाक्या जमिनीखाली असल्याने माल स्वतःच्या वजनाने उतरतो आणि हा प्रश्नच टळतो. मात्र वाहत्या पेट्रोलमध्ये स्थिर वीज साठते, म्हणून होज जोडण्याआधी अर्थिंग जोडलेच पाहिजे.

डेअरी असो वा डिस्टिलरी, टँकर उशिरा रिकामा होतो म्हणून नवा पंप मागवण्याआधी चार गोष्टी कराव्यात : झाकण उघडे आहे ना ते पाहावे, वायसर बदलावा, पाइप रुंद आणि आखूड करावा, पंप खाली आणावा.