मद्रास आणि मुंबई : राजधानीचा स्वभाव कसा घडतो?

विद्यार्थी मित्रांनो, 'मुंबई धावते, दिल्ली सत्ता गाजवते, मद्रास मात्र सनातनी' अशी विधाने तुम्ही ऐकली असतील. ती ऐकायला सोपी वाटतात, पण त्यांत एक अडचण आहे. त्यांत शहराचा स्वभाव हे कारण मानले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तो परिणाम मानून त्यामागची कारणे शोधायची असतात. या टिपणात आपण चेन्नई, म्हणजे १९९६ पर्यंतचे मद्रास, केंद्रस्थानी ठेवून त्याची तुलना मुख्यतः मुंबईशी करू.

१. किनारा

ईस्ट इंडिया कंपनीला १६३९ साली दामर्ला वेंकटाद्री नायकाकडून मद्रासपट्टणम येथे वसाहतीची परवानगी मिळाली आणि तेथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. मुंबई १६६१ च्या विवाह करारातून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये वार्षिक १० पौंड भाड्याने कंपनीकडे गेली. म्हणजे कंपनीची वसाहत म्हणून मद्रास मुंबईपेक्षा जुने आहे.

पण मुंबईला खोल, सुरक्षित, नैसर्गिक बंदर होते. मद्रासला उघडा वालुकामय किनारा आणि जोरदार लाटा. जहाजे दूर समुद्रात नांगर टाकत आणि माल व माणसे मसुला नावाच्या, काथ्याने फळ्या शिवलेल्या होड्यांतून किनाऱ्यावर आणावी लागत. मग ही जागा का निवडली? कारण कोरोमंडल किनाऱ्यावर उत्तम सुती कापड स्वस्त मिळत होते. कृत्रिम बंदराचे काम १८७५ मध्ये सुरू झाले. १८८१ च्या वादळाने त्याची मोठी मोडतोड केली. तोवर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होऊन मुंबई युरोपला अधिकच जवळ आली होती.

२. जागा

१९०१ च्या जनगणनेत मद्रासची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९ हजार व क्षेत्रफळ २७ चौरस मैल होते. मुंबईची लोकसंख्या सुमारे ७ लाख ७६ हजार व क्षेत्रफळ २२ चौरस मैल होते. हिशेब करून पाहा : दर चौरस मैलाला मद्रासमध्ये सुमारे १९ हजार माणसे, तर मुंबईत सुमारे ३५ हजार.

मुंबई समुद्रात भर घालून वाढली, तर मद्रास भोवतालची गावे पोटात घेत वाढले. तिरुवल्लिकेणीचे पार्थसारथी मंदिर कंपनीच्या कितीतरी आधीचे आहे आणि मैलापूरही तसेच जुने. ही गावे मोडली गेली नाहीत; त्यांची देवळे, तळी आणि भोवतीचे रस्ते शहराचे भाग झाले. मद्रास 'जुन्या वळणाचे' वाटण्यामागे लोकांच्या वृत्तीइतकाच या वाढीच्या पद्धतीचाही हात आहे.

याचा अर्थ तेथे काही मोडलेच नाही असा नव्हे. किल्ल्यालगत भारतीयांची 'ब्लॅक टाउन' ही वस्ती होती. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले आणि १७४९ मध्ये ते इंग्रजांना परत मिळाले. त्यानंतर किल्ल्यासमोर तोफांसाठी मोकळे मैदान हवे म्हणून ती वस्ती पाडली गेली. आजचे उच्च न्यायालय त्याच भागात उभे आहे. नव्या ब्लॅक टाउनला १९०६ मध्ये जॉर्ज टाउन हे नाव मिळाले.

३. भांडवल

मुंबईत पारशी, भाटिया, बोहरा अशा व्यापाऱ्यांनी स्वतःचे भांडवल उभे केले; कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला. मद्रासमध्ये बिनी, पॅरी, अर्बथनॉट अशा ब्रिटिश पेढ्यांचा वरचष्मा होता आणि चेट्टियार सावकारांचा बराच पैसा ब्रह्मदेश व मलायात गुंतला होता. १९०६ मध्ये अर्बथनॉट पेढी बुडाली, असंख्य ठेवीदारांची पुंजी गेली आणि त्या धक्क्यातून १९०७ मध्ये इंडियन बँक स्थापन झाली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे व्ही. कृष्णस्वामी अय्यर हे वकील होते, हे ध्यानात घ्या. मुंबईत सार्वजनिक जीवनाचे नेतृत्व शेटियांकडे होते, तसे मद्रासमध्ये ते वकील आणि अधिकारी वर्गाकडे होते.

या वर्गात मराठी माणसेही होती. तंजावरच्या मराठी राज्यामुळे दक्षिणेत स्थायिक झालेल्या देशस्थ घराण्यांतील सर टी. माधवराव मद्रासमध्ये शिकले, त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण झाले आणि अखेरीस मद्रासलाच राहिले. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाल्यावर तेथील कलावंतांचाही ओघ मद्रासकडे वळला. दरबाराची जागा तिकीट लावणाऱ्या संगीतसभांनी घेतली. १९२८ मध्ये म्युझिक अकादमी स्थापन झाली. 'परंपरेचे शहर' म्हणून मद्रासची जी ओळख सांगितली जाते, तिचा मोठा भाग असा आधुनिक काळात घडला आहे.

याच शहरात १९१६ मध्ये ब्राह्मणेतर जाहीरनामा निघाला आणि १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन ही देशातील पहिल्या कामगार संघटनांपैकी एक उभी राहिली. तेव्हा 'सनातनी' हे विशेषण नेमके कोणाच्या मद्रासला लागू होते, हा प्रश्न विचारायला हवा.

४. भाषा आणि हक्क

स्वातंत्र्यानंतर दोन्ही शहरांपुढे एकच प्रश्न आला : राजधानी कोणाची? मद्रासवर तेलुगू भाषकांनी हक्क सांगितला. 'मद्रास मनदे', म्हणजे 'मद्रास आमचेच', ही घोषणा घुमली. पोट्टी श्रीरामुलू यांचे मद्रासमध्येच उपोषणात १५ डिसेंबर १९५२ रोजी निधन झाले. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले, पण मद्रासविना. कर्नूल ही राजधानी ठरली.

मुंबई मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्राला मिळाली. त्यासाठी १०६ जणांनी प्राण दिले, अशी नोंद महाराष्ट्र करतो.

फरक का पडला? मद्रास शहरात तमिळ भाषक स्पष्ट बहुसंख्य होते. मुंबईत मराठी भाषक सर्वांत मोठा गट होता, पण १९५१ मध्ये निम्म्याहून कमी. शिवाय भांडवल प्रामुख्याने अमराठी हातांत होते. म्हणून मद्रासचा वाद मुख्यतः भाषिक संख्येवर आणि सीमेवर झाला. मुंबईत त्याला मालक आणि कामगार यांच्यातील तणावाची धार आली. जो हक्क मद्रासमध्ये संख्येने सिद्ध झाला, तो मुंबईत रस्त्यावर उतरून मागावा लागला.

समारोप

इथे तेलुगू भाषकांची बाजू विसरू नका. त्यांच्या दृष्टीने ज्या शहराच्या घडणीत त्यांच्या पिढ्यांचा वाटा होता, तेच हातचे गेले. मुंबईबद्दल अशीच भावना अनेक गुजराती भाषकांची होती. आपल्या बाजूने लागलेला निकाल न्याय्य आणि विरुद्ध लागलेला अन्याय्य, अशी मांडणी इतिहासात चालत नाही. दोन्हीकडे एकच कसोटी लावावी लागते.

स्वाध्याय : तुमच्या राज्याच्या राजधानीविषयी तीन प्रश्नांची उत्तरे शोधा. शहराला ती जागा कशामुळे मिळाली? वाढताना त्याने काय सामावून घेतले आणि काय पाडले? तेथील पैसा कोणाच्या हाती होता आणि श्रम कोणाचे होते? उत्तरे मिळाल्यावर त्या शहराला लावले जाणारे विशेषण पुन्हा एकदा तपासून पाहा.