मेरोनची शेकोटी आणि शनिवार तेल्यांचा दिवा

जुळे सोलापुरात राहणाऱ्याला जानेवारीत होम मैदानाची वाट विचारावी लागत नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत आधी अक्षता सोहळा होतो, म्हणजे लग्नच, आणि दुसऱ्या दिवशी होम पेटतो. आपल्याकडे वलींच्या पुण्यतिथीला उर्स म्हणतात. या अरबी शब्दाचा अर्थही लग्न. इस्राएलमधल्या मेरोन डोंगरावर रब्बी शिमोन बार योहाय यांच्या कबरीपाशी ज्यूंचा मेळा भरतो, त्याला म्हणतात 'हिलुला'. हा अरामी शब्दही लग्नाच्या आनंदाचाच. संताचे जाणे म्हणजे वियोग नव्हे, मीलन, ही कल्पना कोणी कोणाकडून घेतली याच्या वादात मला रस नाही.

मेळ्याचा दिवस लाग बाओमेर. वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजत गेले की तेहतिसावा. ज्यूंचा महिना आपल्यासारखाच चंद्राचा, पण ते एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतात, म्हणून हा दिवस रमजानसारखा ऋतूंमधून फिरत नाही. एप्रिल-मेच्या आसपासच राहतो. त्या रात्री डोंगरावर मोठा जाळ होतो, गावोगावी मुले लाकडे जमवून शेकोट्या पेटवतात. तीन वर्षांच्या मुलांचे जावळही मेरोनला काढतात. दर्ग्यावर नवस फेडणाऱ्या आयांना हे वेगळे सांगायला नको.

आता आगीकडे येऊ. लाकूड जसेच्या तसे पेटत नाही. तापल्यावर त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा त्या वायूंची असते. गरम हवा वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते. म्हणून लाकडे दाबून रचली तर नुसता धूर. ज्वाळेचा पिवळा रंग म्हणजे तापून चमकणारे काजळीचे कण. दिव्यातही तेच. तेल वातीतून चढते, त्याची वाफ होते, ती वाफ जळते. वर्गात मी मेणबत्ती विझवतो आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला काडी लावतो. ज्योत उडी मारून वातीवर परत येते. दरवर्षी मुले ओरडतात.

ज्यू धर्मशास्त्रींनी हे प्रयोगशाळेविना ओळखले होते. शनिवारी, शब्बाथला, आग पेटवणे निषिद्ध. मग पेटत्या दिव्यात तेल घातले तर? तालमूद म्हणते, तेही पेटवणेच. आणि दिव्यातून तेल काढले तर? ते विझवणे. आग म्हणजे वस्तू नव्हे, जळणाचा पुरवठा, हे इतक्या नेमकेपणाने मी पाठ्यपुस्तकातही वाचलेले नाही.

हा नियम जपणारे ज्यू मराठी होते, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. त्यांच्यासाठी ज्यू म्हणजे टीव्हीवरच्या बातम्यांतला एक देश. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही बेने इस्राएलांची परंपरा. कोकणात ते तेलाचा घाणा चालवू लागले आणि शनिवारी तो बंद ठेवू लागले. लोकांनी त्यांना नाव दिले शनिवार तेली. (महादेवाच्या नंदीसाठी सोमवारी बैल न जुंपणारे सोमवार तेली, आपल्या लिंगायत शेजाऱ्यांना हे लगेच कळेल.) ज्यांच्या घाण्यातून दिव्यांचे तेल निघे, त्यांची ओळख पडली ती घाणा थांबवण्याच्या दिवसावरून.

बाहेरच्या ज्यूंशी संबंध इतका तुटलेला की हनुक्का हा दिव्यांचा सणही त्यांना ठाऊक नव्हता. मग मेरोनच्या जाळाची काय कथा! त्यांच्या धार्मिक पुढाऱ्यांना काजी म्हणत. मुंबईत 1796 मध्ये बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगला ते मशीदच म्हणत. संकट टळले, मूल झाले, लग्न ठरले की मलिदा करतात, गोड पोहे, खोबरे, फळे, आणि एलियाहू हन्नाबीचे नाव घेतात. हे आपले हजरत इलियास (अ.). बायबलमध्ये ते अग्नीच्या रथासोबत आकाशात जातात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्या रथाची खूण आहे, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा.

1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथल्या लोद शहरातून त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक चालवले. कोकणातल्या उरलेल्या घरांत शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत दिवा लागतो. रात्रभर पुरेल एवढे तेल आधीच घालून.