ग्रामनियोजन आणि डिजिटल नकाशा : गोव्याचा अनुभव

गावातील जमीन, पाणी, वस्ती, रस्ते आणि सार्वजनिक सुविधा यांचा पुढील काळातील वापर ग्रामस्थांच्या सहभागाने ठरविणे, म्हणजे ग्रामनियोजन. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने त्याला घटनात्मक आधार दिला. अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषय नमूद आहेत. गोव्यात मात्र जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली राज्य शासन करते. त्यामुळे पंचायतीचे मत कितपत ग्राह्य धरले जाते, हा येथील कळीचा मुद्दा ठरला आहे.

प्रादेशिक आराखड्याचा धडा

२००६ साली अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकआंदोलनामुळे २००७ च्या आरंभी मागे घ्यावा लागला. शेती व डोंगरउतार वस्तीक्षेत्रात दाखविल्याचा त्यावर मुख्य आक्षेप होता. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृती दलाने ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार केला. या वेळी गावनिहाय नकाशे सूचना व दुरुस्त्यांसाठी पंचायतींकडे पाठविण्यात आले.

नकाशाचे थर आणि प्रमाण

डिजिटल नकाशात सर्व्हे क्रमांक, उपग्रहचित्र, उतार, जलस्रोत, रस्ते असे स्वतंत्र थर एकमेकांवर ठेवता येतात. एखादा भूखंड तीव्र उतारावर किंवा ओहोळाच्या मार्गात येतो का, हे त्यामुळे चटकन कळते. प्रमाणाचे भान मात्र आवश्यक असते. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ५० मीटर. अशा नकाशावरून एका शेताची हद्द ठरविणे धोक्याचे आहे.

उपग्रहचित्रालाही मर्यादा आहेत. उन्हाळ्यात कोरडे पडलेले खाजन त्यात पडीक जमिनीसारखे भासू शकते. भरतीचे खारे पाणी अडविणारा बांध, ओहोटीला उघडणारी मानस आणि पावसाळ्यातील भातशेती यांचे नाते शेतकरी व कोमुनिदादीच्या गांवकारांना ठाऊक असते.

पंचायतीने काय करावे?

पंचायतींसाठी ‘ग्राम मानचित्र’, तसेच इस्रोचे ‘भुवन’ ही शासकीय साधने उपलब्ध आहेत. नकाशा हाती आल्यावर तो प्रथम एक-चौदाच्या उताऱ्यांशी ताडून पाहावा. नंतर वाड्यावाड्यांतून फिरून झरे, तळी, पायवाटा, देवराया आणि बांध यांच्या नोंदी कराव्यात. दुरुस्त नकाशा ग्रामसभेत मांडून सर्व्हे क्रमांकांसह ठराव संमत करावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी. ‘आमची शेती वाचवा’ या ठरावापेक्षा नेमक्या क्रमांकांसह नोंदविलेली हरकत डावलणे अधिक अवघड असते.

नकाशावर जे उमटत नाही, ते नियोजनात गृहीत धरले जात नाही. म्हणूनच नकाशा वाचता येणे ही आज ग्रामसभेची प्राथमिक गरज आहे.